जरा पुढे सरका!

आमच्या भाचेजावयांनी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीजवळच्या आपल्या घराच्या गॅरेजात, तीन वर्षं खपून एक मोटार तयार केली. विकत घेतली नाही हो, बांधली! गाडी म्हणजे १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनची नक्कल. लांबट नाक, वटारलेल्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले दिवे, छप्पर नावापुरतं आणि बसणाऱ्याचं बूड रस्त्यापासून वीतभर उंचीवर.

मूळ गाडी कॉलिन चॅपमन या गृहस्थांची. तेव्हा तिकडे तयार गाडीवर खरेदी-कर पडे, सुट्या भागांवर पडत नसे. म्हणून ते ती सुट्या भागांत विकत. सोबत जोडणीची माहिती दिली तर कर लागणार, म्हणून गाडी सुटी कशी करावी याची माहिती दिली आणि गिऱ्हाइकांनी ती उलटी वाचली, अशी कथा सांगतात. (हा मनुष्य सदाशिव पेठेत जन्माला यायचा, पत्ता चुकला.) १९७३ साली गाडीचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत अशी गाडी घरी कशी बांधावी याचं पुस्तकच काढलं आणि तिकडच्या नवरेमंडळींना रविवारी घरकाम टाळायला एक भारदस्त कारण मिळालं.

आता मुद्द्याचं. या गाडीची बैठक जमिनीला बोल्टांनी पक्की केलेली आहे. जावईबापू सहा फूट, बैठक त्यांच्या मापाची. आमची भाची पाच फूट एक इंच. तिचा पाय क्लचपर्यंत पोचतो, पण क्लच तळापर्यंत जात नाही. गाडीचे ॲल्युमिनियमचे पत्रे सांगाड्यावर बसवताना निम्मे रिव्हेट तिने मारलेत. हाताला घट्टे पडेपर्यंत मारलेत. आणि गाडी चालवायची कुणी, तर जावईबापूंनी.

मी म्हटलं, "जावईबापू, बैठकीखाली रूळ टाका की! पुढेमागे सरकेल."

"मामा, ओरिजिनलला नव्हते."

माझं भांडण आहे ते या 'ओरिजिनल' शब्दाशी. अहो, इंजिन भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टचं, मागचा आस तिचाच, सांगाडा तुम्ही गॅरेजात वेल्डिंग करून केलेला, आरसे पोस्टाने मागवलेले. रेडिओ बसवताना ओरिजिनल आठवलं नाही. मग बायकोचा पाय पुरेना, तेव्हाच का आठवलं? मूळ गाडीतलं मूळ असं तुमच्याकडे एकच उरलंय, ते म्हणजे ती गैरसोय!

आणि मूळवाले तरी कुठे एवढे सोवळे होते? १९६७ साली ल मॉन्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्डची गाडी उतरली होती. डॅन गर्नी हे तिचे एक चालक, अंगाने ताडमाड. शिरस्त्राण घातलं की डोकं छपराला लागे. मग काय केलं? "ओरिजिनल आहे, मान वाकवा" म्हणाले? नाही. छपरालाच एक टेंगूळ काढलं! त्या टेंगळासकट गर्नी आणि ए. जे. फॉइट शर्यत जिंकले. आज त्या गाडीच्या नकला करणारे ते टेंगूळही भक्तिभावाने काढतात. खुद्द कॅटरहॅमने २००० साली रुंद अंगाच्या माणसांसाठी गाडीच रुंद करून दिली. पाच फुटी बाईसाठी मात्र शास्त्र आडवं येतं.

दुसरा मुद्दा वजनाचा. चॅपमन हलकेपणाचे भक्त होते, हे खरं. पण रुळांचं वजन काही किलो, आणि जावईबापूंनी गाडी बांधताबांधता बिस्किटं खाऊन त्याहून जास्त कमावलंय. ते उतरवा, रुळांना जागा होईल.

तिसरी हरकत मात्र खरी आहे, ती मी मानतो. रुळांमुळे बैठक इंचभर वर येते. जावईबापूंची नजर मग काचेच्या वरच्या पट्टीवर येणार. पण गादीतला फोम इंचभर कापला की हिशेब मिटतो आणि भाची बसली की खाली एक चपटी उशी टाकायची, तिला तो इंच हवाच आहे. बोल्ट नुसत्या पातळ पत्र्यात घेऊ नयेत, सांगाड्याच्या नळीत घ्यावेत आणि पत्र्याखाली जाड पट्टी द्यावी. दोन्ही रुळांची खिटी एकदम बसली पाहिजे. एक बसली, एक नाही, तर बैठक तिरकी होऊन अडते किंवा ऐन ब्रेकच्या वेळी सुटते. पट्टे सांगाड्यालाच राहू द्यावेत, बैठक सरकली की नव्याने आवळावेत. शनिवार-रविवारचं काम. तीन वर्षं गाडी बांधणाऱ्याला दोन दिवस जड जावेत?

सध्याची व्यवस्था काय, तर पाठीमागे दोन उशा! उशी दाबली जाते. जोरात ब्रेक मारायला पाय रेटला की ब्रेक खाली जाण्याऐवजी भाचीच मागे जाते. त्या दोन-चार इंचांत पुढचा ट्रक येऊन भेटू शकतो. हा विनोद नाही.

आमच्या गल्लीतला भाड्याच्या सायकलींचा दुकानदार बघा. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या पायांकडे बघायचा, मग पाना घेऊन सीट खालीवर करायचा. न्हाव्याची खुर्चीसुद्धा डोकं बघून वर चढते. आणि इथे शिकलेला इंजिनिअर गाडीला म्हणतो, "माझ्यापुरतीच राहा!" खरं कारण तेच आहे. रूळ लागले की गाडी दोघांची होते. रविवारी किल्ली कुणाच्या हातात, हा प्रश्न उभा राहतो.

जावयाला रागावता येत नाही, म्हणून हे छापून काढतोय. रूळ भंगारात मिळतात, एस्कॉर्टच्याच बैठकीखालचे. चांगल्या प्रतीचे आठ बोल्ट लागतील, ते मी पुण्याहून पाठवतो. पाना जावईबापूंकडे आहेच. नसेल तर भाचीकडे आहे.