टोपीखालचा आचारी

लक्ष्मीपुरीतील धान्याच्या दुकानात उंदीर दिसला की पिंजऱ्याची शोधाशोध सुरू होते. पोती कुरतडणाऱ्या या जीवाला व्रतामुळे अभय मिळते. प्रेम मात्र क्वचितच मिळते. अशा व्यापारी घरांनाही आपल्या उंदराच्या बाजूने उभे करणारा एक अॅनिमेशनपट आहे. ब्रॅड बर्ड यांनी दिग्दर्शित केलेला, पिक्सारचा ‘रातातुई’ २००७ साली आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

पॅरिसमधील रेमी हा उंदीर आपल्या जमातीप्रमाणे चोरून खाण्यात समाधान मानत नाही. त्याला स्वतः काही घडवायचे आहे. गुस्तो या नामांकित उपाहारगृहातील लिंग्विनी नावाच्या अननुभवी पोराच्या टोपीखाली तो बसतो आणि त्याचे केस ओढून त्याच्या हातून स्वयंपाक करवून घेतो. त्या पाकगृहात आपल्याला वर्ज्य असे बरेच शिजते. परंतु कथेला कलाटणी देतो तो वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची यांचा साधा खेडवळ पदार्थ. पहिल्याच घासाला कठोर समीक्षक अँटन ईगोला बालपण आणि आईचे जेवण आठवते.

चित्रपटाची गोडी या प्रसंगात आहे. त्याचे मोल मात्र त्याच्या आगेमागे आहे. पत्रकारांसमोर लिंग्विनी सारे श्रेय स्वतःकडे घेतो, तेव्हा रेमी दुखावतो. पुढे तो सहकाऱ्यांना सत्य सांगतो आणि ते त्याला सोडून जातात. ईगोही खरा आचारी कोण हे कळल्यावर त्याची मनमोकळी प्रशंसा करतो. त्यापायी आपली पत गमावतो, तरी सुखी होतो.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटे माप आणि भेसळ यांची गणना आहे. व्यापारी कुटुंबे त्याबाबत दक्ष असतात. परंतु दुसऱ्याच्या कष्टाचे श्रेय आपल्या नावावर जमा करणे, हे माप तरी खरे कसे म्हणावे?

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन समाजाचे भूषण. साताऱ्यातील त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. त्या पंगतीमागे पत्नी लक्ष्मीबाई होत्या. घरच्या सोवळ्याचे संस्कार मागे ठेवून त्यांनी त्या मुलांना आईची माया दिली आणि वसतिगृहात धान्य नव्हते तेव्हा अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास लक्ष्मीबाईंचे नाव घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही, हे त्या संस्थेचे मोठेपण होय.

आपल्या घरांतही पाणी गाळणारी, धान्य निवडणारी, सूर्यास्तापूर्वी सर्वांची ताटे वाढणारी कोणीतरी असते. पेढीवर आलेला पाहुणा जेवून तृप्त होतो आणि नाव होते ते घराण्याचे. त्या वेळी स्वयंपाकघराकडे वळून, “हे यांच्या हातचे,” एवढे सांगण्यास किती वेळ लागतो? मुलांसह हा चित्रपट पाहून झाल्यावर वडीलधाऱ्यांनी तेवढे शब्द उच्चारले, तरी एका जुन्या खात्यातील बाकी थोडी फिटेल.