बिडी सोडणाऱ्याला पहिल्या महिन्यात एकटे सोडू नका

जयंती असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन, आपल्या विहारांत व्यसनमुक्तीचा संकल्प होतो. हात वर होतात, टाळ्या पडतात, कुणी खिशातले बिडीचे बंडल तिथेच काढून ठेवतो. संकल्प खरा असतो, त्याबद्दल शंका नाही. पण चार-पाच दिवसांनी तोच माणूस आमच्याकडे येतो आणि सांगतो, ‘‘ताई, बिडी सोडली तेव्हापासून दमच लागून राहिला. छातीत धडधड होते, रात्री झोप नाही. पहिलेच बरा होतो ना जी!’’ घरचेही घाबरतात. शेजारचा कुणी सल्ला देतो की एकदम सोडायची नसते, एखादी ओढून घे. महिना भरायच्या आत बंडल परत खिशात येते.

मग आपण म्हणतो, मन पक्के नव्हते, शील सांभाळता आले नाही. आमच्या मते हा निवाडा चुकीचा आहे. त्या माणसाला शिलाने दगा दिलेला नसतो. त्याच्या शरीरात काय चालले आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते, इतकेच.

बिडी आपल्या वस्तीत शौक म्हणून आलेली नाही, ती पोटापाण्यासोबत आली. कामठी, नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात आपल्या कितीतरी आजी-आजोबांनी तेंदूच्या पानात तंबाखू भरून घर चालवले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते कामठीचे बाबू हरदास एल. एन. बिडी कामगारांना संघटित करणारे नेते होते. १९३७ साली ते मध्यप्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत अवघ्या ३५ व्या वर्षी क्षयाने गेले. ज्या समाजाने बिडीची धूळ पिढ्यान्‌पिढ्या छातीत घेतली, त्या समाजात बिडी सोडणाऱ्याकडे केवळ चारित्र्याच्या चष्म्यातून पाहणे बरे नाही.

आता शरीराचे पाहू. बिडीतले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते आणि सुमारे दोन तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. ते उतरले की बेचैनी सुरू होते, पुढची बिडी ओढली की ती थांबते. ओढणाऱ्याला वाटते, बिडीने टेन्शन गेले. खरे तर बिडीनेच आणलेले टेन्शन बिडीने तेवढ्यापुरते बाजूला केलेले असते. सावकाराकडून नवे कर्ज काढून जुन्याचे व्याज फेडावे, तसा हा व्यवहार आहे. बिडी बंद केली की हा सावकार दारात येऊन बसतो. चिडचिड, घाबरल्यासारखे होणे, झोप उडणे, कशात लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. सोडून सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ झालेल्यांच्या अभ्यासांचा आढावा २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत सोडणाऱ्यांची चिंता आणि उदासी कमी झालेली त्यात दिसली.

दम का लागतो? श्वासनळीच्या आत केसांसारखी बारीक लव असते. धूळ आणि कफ वर ढकलून बाहेर काढणे हे तिचे काम. धुराने ती सुन्न झालेली असते. धूर थांबला की ती पुन्हा काम करू लागते, साचलेला कफ सुटतो आणि काही जणांना सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटतो. हे फुप्फुस खराब होत असल्याचे लक्षण नाही, झाडलोट सुरू झाल्याचे आहे. पुढच्या एक ते नऊ महिन्यांत खोकला आणि धाप दोन्ही कमी होत जातात.

दुसरे कारण भीतीचे. जीव घाबरा झाला की माणूस भरभर, वरवर श्वास घेतो. त्याने हाताच्या बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळल्यासारखी वाटते. मग भीती आणखी वाढते. तिसरे कारण चहाचे. बिडीच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतले कॅफिन लवकर निकाली काढते. बिडी बंद झाली की तेवढ्याच चहाचा असर जास्त होतो. त्यात तलब मारायला माणूस चार कप वाढवतो आणि धडधड बिडी सोडल्याच्या नावावर लिहितो. पहिल्या महिन्यात चहा निम्म्यावर आणा. दम्यासाठी थिओफिलिनवर्गातली गोळी सुरू असेल, किंवा मानसिक आजाराची औषधे सुरू असतील, तर बिडी सोडल्याचे डॉक्टरांना जरूर सांगा. यांतल्या काही औषधांचे रक्तातले प्रमाण बिडी सोडल्यावर वाढते, डोस बदलावा लागू शकतो.

धाप लागली की काय करायचे? बसा, थोडे पुढे झुका, कोपर मांडीवर टेकवा. नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून, दिव्याची ज्योत हलेल पण विझणार नाही इतक्या हळू, चार अंक मोजेपर्यंत सोडा. पाच मिनिटे करा. आनापानसतीची सवय असणाऱ्यांना हे सोपे जाते. पण भर घबराटीत डोळे मिटून श्वासाकडे पाहिले की काहींची भीती वाढते. अशा वेळी डोळे उघडे ठेवा, कुणाशी तरी बोला, अंगणात चार पावले चाला. तलब बहुधा काही मिनिटांची असते, तेवढी वेळ मारून न्या.

मात्र सगळी धाप ‘सोडल्याची’ म्हणून अंगावर काढू नका. वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्याला सीओपीडी हा श्वासनळ्या अरुंद होण्याचा आजार आधीपासून असू शकतो. त्याची तपासणी फुंकर मारून होते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे असे असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासा, ती तपासणी मोफत आहे. धूम्रपानाने क्षयाचा धोका वाढतो, हे आपल्या वस्त्यांनी तरी विसरू नये. बसल्या जागी धाप लागणे, एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ-नखे निळसर पडणे, घामासह छातीत दुखून कळ हातात किंवा जबड्यात जाणे, थुंकीतून रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा, मेडिकल किंवा मेयो गाठा. आणि मन इतके खचले की जगणे नको वाटू लागले, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर बोला.

आणखी एक धोका आपल्या विदर्भाचा खास आहे. बिडी सुटते आणि खर्रा सुरू होतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे फक्त ३.८ टक्के होते, तोंडात धरणारे २४.४ टक्के. खर्ऱ्याने तंबाखू सुटत नाही, ती छातीतून गालात येते. आधार हवाच असेल तर निकोटीनचा गम डॉक्टरांना विचारून घ्या. तो खर्ऱ्यासारखा सतत चघळायचा नाही. थोडा चावून, चव लागली की गालात धरून ठेवायचा आणि चव गेली की पुन्हा चावायचा.

म्हणून विहार समित्यांना आमचे सांगणे आहे. संकल्पाच्या दिवशी नावासोबत फोन नंबर लिहून घ्या. प्रत्येकाला एक सोबती द्या, शक्यतो स्वतः सोडलेला. त्याने पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी घरी जावे किंवा फोन करावा. विचारायचे एवढेच, झोप लागली का, दम कसा आहे, तलब कधी येते? मधेच एखादी बिडी ओढली गेली तर रागावू नये, उद्यापासून पुन्हा सुरू करावे. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याच्या मदतीचा मोफत राष्ट्रीय नंबर विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

आणि मागणी सरकारकडेही हवी. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ पासून आहे. निकोटीनचा गम २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मग रोजंदारीच्या माणसाने तो पदरच्या पैशाने का घ्यावा? महापालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात गम, समुपदेशन आणि फुंकरीची तपासणी मोफत मिळालीच पाहिजे. निवेदन द्यायला आपली मंडळी कमी पडत नाहीत, या वेळी ते यासाठी द्या.

बिडी सोडून एक वर्ष झाले की हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्मा होतो. त्या वर्षातला अवघड महिना एकच, पहिला. त्या महिन्यात तुमच्या गल्लीत कोण आहे, हे आजच विचारून या.

जय भीम.