दोन दवाखाने, एक रोगी

वैतरणेच्या मुखाशी, खाडीच्या उत्तर तीरावर दातिवरे वसले आहे. पालघर तालुक्यातील हे किनारी गाव. समोर पाण्यापलीकडे अर्नाळा. पण आजाऱ्याला मोठ्या रुग्णालयात न्यावयाचे तर आधी सफाळ्याचे स्टेशन गाठावे लागते. अशा गावचा माणूस प्रथम सरकारी दवाखान्याची पायरी चढतो. चार दिवसांत उतार पडला नाही की खाजगी डॉक्टरकडे जातो, आणि तेथील खर्च डोईजड झाला की पुन्हा सरकारी दाराशी येऊन उभा राहतो. या येरझारीस 'धरसोड' म्हणण्याची वहिवाट पडली आहे. आम्हांस ती मान्य नाही. शहरातील सुखवस्तू माणूस हेच करतो तेव्हा त्यास 'दुसरे मत घेणे' असे भारदस्त नाव मिळते. कोळीवाड्यातील बाईने केले की तो अडाणीपणा ठरतो!

पैशाअभावी कोणीही योग्य उपचारास मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क केले. हा निर्णय निःसंशय स्तुत्य होय. मग फुकट मिळते ते टाकून गरीब माणूस पदरचे पैसे का मोजतो? कारण शुल्क माफ झाले तरी खाडा माफ होत नाही. होडी परतून मासळीची विल्हेवाट लागेपर्यंत सकाळची बाह्यरुग्ण तपासणी आटोपलेली असते; खाजगी डॉक्टर दिवेलागणीलाही भेटतो, आणि दोन शब्द ऐकून घेतो. असमाधान नेहमी औषधाविषयीच असते असे नाही. पुष्कळदा ते न ऐकल्याचे असते.

तेव्हा दोन दारे ठोठावण्यात पाप नाही. धोका आहे तो निराळाच. रक्तदाबाच्या एखाद्या रोग्याचे उदाहरण घ्या. सरकारी दवाखान्यातून त्यास अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळ्या मिळाल्या. समाधान झाले नाही म्हणून तो दुसरीकडे गेला, आणि तेथे तेच औषध कंपनीच्या निराळ्या नावाने लिहून दिले गेले. वेष्टन वेगळे, रंग वेगळा. तो दोन्ही गोळ्या निष्ठेने घेतो. पाय सुजतात, रक्तदाब नको इतका उतरतो, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. जमिनीवर आलेली घेरी निभावते. होडीच्या काठावर आलेली निभावेलच असे नाही. यात दोष कोणाचा? पहिल्या डॉक्टरचे दुसऱ्याला कळले नाही, आणि रोगी सांगावयास भ्याला. 'तिकडे गेला होतात, मग इकडे कशाला आलात?' हा प्रश्न ज्याने एकदा ऐकला तो पुढच्या वेळी कागद खिशातच ठेवतो.

हे अटळ आहे असे मात्र कोणी सांगू नये. क्षयरोगाच्या बाबतीत सरकारनेच ही भिंत पाडली आहे. २०१२ पासून प्रत्येक क्षयरोग्याची नोंद कळविणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. रोगी त्यांच्याच देखरेखीखाली राहू शकतो, औषधे सरकारकडून विनामूल्य मिळू शकतात, आणि निक्षय पोषण योजनेखालील साह्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १,००० रुपयांवर गेले आहे. गरोदर स्त्रीजवळचे माता-बाल संरक्षण कार्डही दोन्हीकडे दाखविता येते. मग रक्तदाब व मधुमेह यांनीच काय घोडे मारले आहे? जन्मभर औषध घ्यावयाचे ते याच रोगांत!

सरकारी डॉक्टरांपुढची गर्दी आम्ही जाणतो. एकेका रोग्यास मिळणारी मिनिटे पाहता संभाषणाची अपेक्षा त्यांना जाचक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आधीची चिठ्ठी मागून घेण्यास व न रागावता वाचण्यास फारसा वेळ लागत नाही. खाजगी डॉक्टरांनीही औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे. कागदपत्रांची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी घातले, त्याची आठवण रोग्याने करून देण्याची वेळ येऊ नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, अशी वाटणी आहे. म्हणजे सरकारी दारेही दोनच! या दोघांनी एकत्र बसून आठवड्यातून दोन सायंकाळी तरी किनारी गावांसाठी तपासणी ठेवावी. पावसाळी मासेमारीबंदीत, जून-जुलैमध्ये, होड्या शाकारलेल्या असतात आणि माणसे घरी असतात. त्या दिवसांत आरोग्यसेविकेने दातिवऱ्यास घरोघर जाऊन दोन्हीकडच्या गोळ्या एका ताटात ओताव्यात, कोणत्या एकच आहेत ते ताडावे, आणि डॉक्टरांकडून तपासून घेतलेली एकच यादी रोग्याच्या हाती द्यावी.