वालाचा डाग आणि एक्स-रेचा रिपोर्ट

छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट हल्ली अनेकदा डॉक्टरांशी बोलणे होण्याआधीच रुग्णाच्या मोबाइलवर येतो. त्यात ‘हायलम’ किंवा ‘हायलर’ असा शब्द दिसला की घरात काळजी सुरू होते. खरे तर हायलम हे रोगाचे नव्हे, शरीरातील जागेचे नाव आहे. तसलीच जागा स्वयंपाकघरातल्या कडधान्यावरही असते.

वाल निवडताना दाण्याच्या कडेला पांढरी रेघ दिसते; राजम्याच्या खोलगट बाजूलाही लहानसा डाग असतो. शेंगेत दाणा ज्या बारीक देठाला जोडलेला असतो, तो सुटल्यावर ही खूण उरते. त्या देठातूनच दाण्याला अन्नपाणी मिळते. वनस्पतिशास्त्रात या खुणेला हायलम म्हणतात.

शरीररचनाशास्त्रात हाच शब्द अवयवाच्या ‘दारा’साठी वापरतात. मूत्रपिंडाच्या खोलगट बाजूने रोहिणी आत शिरते, नीला व मूत्रवाहिनी बाहेर पडतात, ते त्याचे हायलम. फुप्फुसाच्या हायलममधून श्वासनलिकेची शाखा व रक्तवाहिन्या जातात. त्यामुळे निरोगी माणसाच्या एक्स-रेतही तिथे सावली दिसतेच. लसिकाग्रंथीच्या सोनोग्राफीत ‘फॅटी हायलम प्रिझर्व्ह्ड’ असे लिहिलेले असेल, तर ती सहसा दिलासा देणारी नोंद असते. पण ‘फॅटी’ वाचूनच अनेकांना धडकी भरते.

गंमत म्हणजे लॅटिनमध्ये हायलमचा अर्थ क्षुल्लक वस्तू. ‘तेवढेही नाही’ यावरून ‘निहिल’ आणि त्यावरून ‘निल’ आले. म्हणजे रिपोर्टमधला दिलासा देणारा ‘निल’ आणि धास्तावणारा ‘हायलम’ एकाच घरातले.

अर्थात, शब्द निरुपद्रवी आहे म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवू नये. हायलमजवळच्या ग्रंथी क्षयरोगात वाढतात, कर्करोगातही वाढू शकतात. म्हणून महत्त्व आहे ते त्या शब्दाला जोडून काय लिहिले आहे याला.

रिपोर्टची तांत्रिक भाषा डॉक्टरांसाठी आवश्यकच आहे. पण तो थेट रुग्णाच्या हाती जाणार असेल, तर शेवटी दोन ओळी सोप्या मराठीत द्यायला हव्यात: काय दिसले, आणि डॉक्टरांना किती लवकर भेटावे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. तोवर रुग्णांनी इंटरनेटवर शब्द शोधत रात्र घालवण्याऐवजी डॉक्टरांना सरळ विचारावे, ‘हे जागेचे नाव आहे की आजाराचे?’