दगड आणला, पत्ता हरवला

माझ्या टेबलावर एक लाकडाचा तुकडा असतो. रूमवर येणारा प्रत्येक जण तो उचलतो आणि म्हणतो, "अरे, एवढा जड कसा?" कारण तो दगड आहे. म्हणजे लाकूडच, पण दगड झालेलं. मराठीत 'अश्मीभूत' म्हणतात. मी पडलो कॉन्व्हेंटवाला. पहिल्यांदा सांगताना 'भस्मीभूत' म्हणालो आणि अख्खी मेस हसली!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं रूममेटच्या काकांची जीप घेऊन निघालो. खरं तर जैसलमेरजवळच्या आकलला जायचं होतं, वाळवंटात दगडी ओंडके बघायला. पण डिझेलचा हिशोब केला आणि आपल्याच राज्यातलं, गडचिरोली जिल्ह्यातलं, सिरोंचा तालुक्यातलं वडधम एकदम जवळचं वाटायला लागलं. हिंगोली, नांदेड, निर्मल, मंचेरियाल. प्राणहितेचा पूल ओलांडला की पाट्या मराठी होतात, कानावर मात्र तेलुगूच पडत राहते. वाळवंट नाही, सागाचं जंगल. त्यात जमिनीवर आडवे पडलेले ओंडके. साल दिसते, गाठी दिसतात. हात लावला की गार दगड.

हे होतं कसं? झाड गाळात गाडलं जातं, हवा मिळत नाही म्हणून लवकर कुजत नाही. पाण्यात विरघळलेली सिलिका हळूहळू पेशीपेशीत भरते. इंजिनिअरच्या भाषेत, मटेरियल बदललं पण ड्रॉइंग तेच! आपल्या हिंगोलीच्या काळ्या रानात नांगराला लागतात त्या गारगोट्याही सिलिकाच. फक्त त्या लाव्हाच्या पोकळ्यांत भरल्या, झाडाच्या पेशींत नाही.

परतताना जंगलातल्या एका नाल्याजवळ गाडी थांबवली. तिथे हा तुकडा पडला होता. इकडेतिकडे बघितलं आणि सॅकमध्ये टाकला. इकडेतिकडे का बघितलं, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता विचारतो, कारण सिव्हिलची काही मुलं उन्हाळ्यात तिकडे जायचं म्हणतायत, डिपार्टमेंटच्या शोकेससाठी 'चांगले चांगले नमुने' आणायला. मला वाटतं, जरूर जावं. आणू मात्र काही नये.

"एवढं ढिगाने पडलंय, एक उचललं तर काय होतं?" हे वाक्य माझंच आहे, म्हणून त्याचं उत्तर मला द्यायला हवं. त्याच सिरोंचा पट्ट्यात कोटा नावाचं गाव आहे. त्या गावाच्या नावाने ओळखले जाणारे खडकांचे थर ज्युरासिक काळातले, 15 कोटी वर्षांहून जुने. 1961 च्या सुमारास या थरांत एका प्रचंड डायनोसॉरची सुमारे 300 हाडं सापडली. नाव ठेवलं बारापासॉरस टागोरेई, कारण ते रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष होतं. सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. तो बघायला लोक जातात, पण मला जास्त भारी वाटतं ते दुसरंच. हाडांच्या सोबत मोठमोठे अश्मीभूत ओंडके पडलेले होते. त्यावरून अभ्यासकांनी अंदाज बांधला की हा कळप मोठ्या पुरात सापडला असावा. आता समजा, आमच्यासारखी चार पोरं आधीच जीप घेऊन येऊन गेली असती तर? हाडं राहिली असती, पुराची गोष्ट गेली असती.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात अश्मीभूत जंगलाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून तुकडे पळवणारे लोक वर्षांनंतर ते पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीची पत्रं. पण तुकडा नेमका कुठला हे कळत नाही, म्हणून तो परत जागेवर ठेवता येत नाही. अशा तुकड्यांचा तिथे एक वेगळा ढीगच झालाय!

कायद्याचं म्हणाल, तर 1927 च्या भारतीय वन कायद्यात जंगलातलं लाकूडही वनोपज आणि खडकही. माझा तुकडा दोन्हीकडून अडकला.

शोकेस रिकामी ठेवा असं नाही. ओंडक्याचा घेर टेपने मोजा, दिशा लिहा, फोटो काढा, जीपीएसचे आकडे घ्या. ते फ्रेम करून लावा. आणि हातात धरायला दगडच हवा असेल तर कयाधूचं पात्र जवळ आहे. नदीने वाहून आणलेली गारगोटी आपला पत्ता आधीच हरवून बसलेली असते.

गाडीत एक सीट माझी धरा. हा तुकडा तिथल्या वनखात्याच्या ऑफिसात द्यायचाय. नाला कुठला, असं ते नक्की विचारतील. चौघांनी बसून आठवून पाहिलं. दोघं म्हणतात पुलाच्या अलीकडे, दोघं म्हणतात पलीकडे.