घाट उतरण्यापूर्वी

हुमच्याच्या पद्मावतीमातेचे दर्शन घेऊन कारकळ-मूडबिद्रीकडे निघालेली यात्रेकरूंची बस तीर्थहळ्ळी मागे टाकून आगुंबेला पोहोचते, तेव्हा बहुधा दिवस कललेला असतो. घाटमाथ्यावर सूर्यास्त पाहण्याची जागा आहे. आकाश निरभ्र असेल तर तेथून दूरवर अरबी समुद्राची चकाकती रेघ दिसते. सायंकाळचे भोजन आधीच उरकलेले असल्यामुळे मंडळी निवांत असतात. छायाचित्रे होतात, अर्धा तास सरतो आणि बस वळणावळणांचा घाट उतरू लागते. दुसऱ्या दिवशीची वरंगच्या तळ्यातील बसदी एव्हाना मनात भरलेली असते. ज्या अरण्यातून ही वाट जाते ते मात्र काचेबाहेरच राहते.

हे अरण्य साधे नव्हे. येथे वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईच्या साधारण तिप्पट. या पाण्यावर पोसलेले सदाहरित वृक्ष इतके दाटीने वाढले आहेत की भर दुपारीही जमिनीवर उन्हाचे कवडसेच पडतात. घाटाखालचा भाग सोमेश्वर अभयारण्यात मोडतो. उंच फांद्यांवर शेकरू, धनेश आणि काळ्या अंगाचा, रुपेरी आयाळीचा सिंहपुच्छ वानर. खोडावर सालीसारखा दिसणारा आणि क्षणात पंख पसरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाणारा उडता सरडा. आणि पाचोळ्यात नागराज. मादीने पालापाचोळा ओढून घरटे रचायचे आणि अंड्यांची राखण करायची, ही रीत सापांमध्ये एकट्या नागराजाचीच. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये आगुंबेला पर्जन्यवन संशोधन केंद्र उभारले, ते प्रामुख्याने याच सापासाठी. तीन-चार मीटर लांबीचा हा विषारी जीव परसात आला तरी येथील अनेक घरांत काठी उचलली जात नाही. जाणकाराला बोलावणे धाडले जाते. दयेचे हे उदाहरण ग्रंथातले नाही, शेजारधर्मातले आहे.

अशा रानात एक पूर्ण दिवस तरी द्यावा. जोगीगुंडीचा धबधबा गावापासून जवळ आहे. वयस्करांनाही ती वाट जमते. बरकणाकडे किंवा आणखी आत जायचे तर वनखात्याची परवानगी आणि सोबत स्थानिक वाटाड्या हवाच. पहाटे निघावे, मातकट रंगाचे कपडे घालावेत आणि बोलणे आवरावे. येथे प्राणी दिसण्याआधी ऐकू येतात. काळ निवडावा तो पावसाळ्यानंतरचा. पावसाळ्यात हे रान सर्वांत देखणे असते हे खरे, पण तेव्हा पावलागणिक जीव असतो. चातुर्मासात साधूंचा विहार का थांबतो, हे पुस्तकातून कळते त्याहून अधिक येथील एका ओल्या पायवाटेवर कळते.

पावसाळा ओसरला तरी ओलाव्यात जळवा असतातच, आणि खरी परीक्षा तेथे होते. नवख्यांना मिळणारा पहिला सल्ला असतो खिशात मिठाची पुडी ठेवण्याचा. मीठ पडताच जळू गळून पडते, पण त्या मिठानेच तिच्या अंगातले पाणी शोषले जाऊन ती तडफडून मरते. शिवाय चिमूटभर मिठाने घाबरलेली जळू पोटातले रक्त जखमेत ओकू शकते, म्हणजे माणसाचाही तोटाच. उपाय याहून सोपा आहे. नखाची कड तिच्या तोंडाशी, म्हणजे बारीक टोकाशी, कातडीलगत सरकवली की पकड सुटते. मग दुसरे टोक सोडवून तिला बाजूच्या पानावर ठेवावे. रक्त थोडा वेळ वाहते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. जखम धुवावी, स्वच्छ कापड दाबून धरावे. पायमोज्यांवरून घालायचे घट्ट विणीचे जळूमोजे मिळतात. ते घातले तर हा प्रसंगच टळतो. पुडी मात्र स्वयंपाकाच्या पेटीतच राहू द्यावी.

जळवेची हत्या निदान दिसते. घाटातील केळ्यांची गोष्ट अधिक अवघड, कारण ती जीवदयेच्या नावाने चालते. वळणावर बस मंदावली की खिडकीतून केळी, फुटाणे, बिस्किटे बाहेर पडतात आणि कठड्यावरची माकडे झेपावतात. देणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असते. माकडाला मात्र रस्ता म्हणजे अन्न ही सवय लागते. पिल्लासह ते डांबरावर येते आणि पुढच्या वळणावरून येणाऱ्या ट्रकला थांबता येत नाही. रानातली फळे खाऊन बिया दूरवर पसरवण्याचे त्याचे काम राहते ते वेगळेच. घरातील आजीला हे सांगणे सोपे नाही. आयुष्यभर ज्याला पुण्य मानले तोच हात आखडता घ्यायला नातवाने सांगावे, हे तिला लागतेच. तरी सांगावे, आणि केळी तिच्याच हाताने बसमधील मुलांना वाटायला लावावीत.

वेळ उरल्यास कुंदाद्रीला जरूर जावे; आगुंबेपासून ती टेकडी दूर नाही. आचार्य कुंदकुंदांची तपोभूमी म्हणून परंपरा तिला मानते. माथ्यावर पार्श्वनाथांचे मंदिर आहे, कड्यालगत लहानशी कुंडे आहेत. सकाळी लवकर पोहोचले तर खाली रान दिसत नाही, धुकेच दिसते. त्यातून धनेशाची हाक येते, मग शीळकरी कस्तुराची लांब शीळ. ऊन वाढते तसे एकेक झाडाचा शेंडा वर येतो, आणि आदल्या दिवशी ज्या वाटेने पाय जपून टाकले होते ती वाट कोठे असेल, याचा शोध मुले कठड्याशी उभी राहून घेत असतात.