टेबलावरची भाकरी

पारंपरिक दिनाला आम्ही फेटे बांधले, टेबलावर शाळूच्या भाकऱ्या, ठेचा, शेंगाचटणी मांडली आणि शेजारी शोभेला विटीदांडू ठेवला. आपली संस्कृती म्हणून टाळ्याही मिळाल्या. मला मात्र अकरावीतला माझा डबा आठवत होता. इतरांच्या डब्यात पोळी दिसली की मी भाकरी झाकणाआड लपवून खात असे.

कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. शिकणे म्हणजे भाकरीपासून दूर जाणे, असा माझा समज! पुढे कळले, की आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे म्हणून पाळले गेले. मग माझीही मान ताठ झाली.

पण टेबलावरच्या त्या भाकऱ्या पहाटे उठून आईने थापल्या होत्या. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुने झाले की विरी जाते, मग ते गरम पाण्यात मळावे लागते. हे मला कुठे ठाऊक होते? सुट्टीत थापायला बसलो, तर तीन भाकऱ्या परातीतच फाटल्या. आई हसली आणि म्हणाली, "लगीन झाल्यावर गजगं कुठं हातात आलं? पीठच आलं."

माझे स्पष्ट मत आहे, की पुढच्या वेळी आयत्या भाकऱ्या आणू नयेत. मुलांनी तिथेच चूल मांडून थापाव्यात, फाटल्या तरी चालतील. विटीदांडू मैदानात खेळावा. आणि गजगे? आयांना बोलावून त्यांच्या हाती द्यावेत. माझ्या आईने आपले महाविद्यालय अजून आतून पाहिलेले नाही.